एका टिंबाचा मोर

केनवड,
कार्तिक वद्य तृतीया, शके १८५६

चि. सौ. चतुराबाईस तिची थोरली सवत रंगूबाई हिचा आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. ज्वारी हुरड्यावर आली आहे, कपाशीची पहिली वेचणी चालू आहे, पांढऱ्या गाईला गोऱ्हा झाला. तिकडचं क्षेम कागदावर कळवायची रीत रिसोडात उरलेली दिसत नाही. ते आम्हाला चालत्या गाडीतून ओरडून कळवलं जातं.

तुला वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र धनीच तुला वाचून दाखवतील. ओट्यावर बसतील, चष्मा धोतराला पुसतील, दोनदा खाकरतील. त्यांना म्हणावं, सगळं वाचा, मधलं काही गाळू नका. आणि तू त्यांच्या हाताकडे लक्ष ठेव. काही लपवायचं असलं की त्यांचा डावा हात मिशीकडे जातो. तुझ्या संसाराला अजून दोन पावसाळेही झाले नाहीत, म्हणून सांगून ठेवते.

परवा तुमच्या दुकानाचा गाडीवान गुलाबसिंग सरकीची गाडी घेऊन मेहकरकडे चालला होता. आपला सालदार रामधन रस्त्याच्या कडेला बैल पाजत होता. गुलाबसिंगानं गाडी उभी केली नाही. जाता जाता निरोप फेकला आणि गेला. रामधन तसाच धावत अंगणात आला.

"बाई, धाकल्या बाईले दिवस गेले! मोर पाठवा म्हने!"

"काय पाठवा?"

"मोर!"

"काहून?"

"मले काय मालूम, बाई. बैलाच्या घंट्या वाजून राह्यल्या होत्या. जेवढं आयकू आलं तेवढं सांगतलं."

माझ्या हातात सूप होतं. ते मी खाली ठेवलं नाही, पाखडत राहिले. रामधन उभाच होता. मी त्याला म्हटलं, जा, बैल बांध.

पुढचं मला कोणी समजावून सांगायला नको. कोणाला चिंच हवी होते, कोणाला चुलीची भाजकी माती. तुला मोराचे डोहाळे लागले आहेत. पाडव्याला मी इथे ओवाळणीचं ताट करून बसले होते आणि धनी आले नाहीत, त्याचंही कारण आता कळलं. निदान त्या दिवशी तरी कळवायचं होतं. मी ताट तसंच झाकून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या करंज्या रामधनच्या पोरांना दिल्या.

पोटुशीचे डोहाळे अडवू नयेत एवढं मलाही समजतं, जरी मला ते कधी लागले नाहीत. म्हणून मोर पाठवते आहे. पण घरी मोर ठेवण्याआधी विचार करायच्या काही गोष्टी असतात. त्या, ज्या बाईनं मोर वाढवले, तिनंच सांगितलेल्या बऱ्या. धनी या घरात राहूनही त्यातलं काही शिकले नाहीत. त्यांनी फक्त मोर पाहिले.

पहिल्यांदा हे ऐक की हे मोर आले कुठून. आपल्या मळ्याच्या धुऱ्याच्या बांधावर गवत कापताना बायांना लांडोरीची अंडी सापडली. लांडोर कोल्ह्यानं नेली होती, पिसं पसरलेली होती. मी शेजारच्या बाबूसिंगाकडून खुडूक कोंबडी मागून आणली आणि ती अंडी तिच्याखाली ठेवली. कोंबडीची पिल्लं निघतात त्याच्या पुढे आठवडाभर ती बिचारी बसून राहिली. पिल्लं निघाली तेव्हा तिला स्वतःलाच कळेना की आपण काय काढलं. मी वारूळ उकरून वाळवी आणायची आणि त्यांना भरवायची. ओल लागली की मोराचं पिल्लू मान टाकतं, म्हणून आडोशाला, चुलीजवळ, माझ्या पदराच्या उबेत ठेवायची. बायका हसायच्या. म्हणायच्या, रंगूबाईच्या घरी पाळणा हलून राह्यला. मी पण हसायची.

त्यातून एक मोर आणि तीन लांडोरी वाचल्या. मोराचं नाव फौजदार. तुऱ्याची टोपी आणि ती चाल पाहिलीस की दुसरं नाव सुचत नाही. एक लांडोर मागं बाबूसिंगाला दिली. राहिलेल्या दोघींना नावं ठेवली नाहीत. थोरली आणि धाकटी म्हणते. हे नाव तू या घरात येण्याच्या कितीतरी आधीचं आहे, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस.

आता आवाज. तुला वाटत असेल मोर म्हणजे गोड काहीतरी. मांजराची शेपटी दारात सापडावी तसा तो ओरडतो, आणि पावसाळ्याच्या तोंडाला पहाटे ओरडतो. इथे रानात त्याला कोणी बोल लावत नाही. तुमचं घर भर बाजारात, या अंगाला कापडवाला, त्या अंगाला सोनार. ते भांडायला येतील तेव्हा धनी मागल्या दारानं बाहेर जातील. तसे ते जातात.

रात्री त्याला उंच झाड लागतं. माझ्या अंगणात कडुलिंब आहे. तुमच्या परसात मी पाहिल्याप्रमाणे एक शेवगा आहे, त्याची फांदी कावळ्यानंही मोडते. मग तो छपरावर बसणार, आणि कवेलू फुटणार. पावसात गळलं की हंडे ठेवत फिर. छपरावर वाळत घातलेल्या कुरड्या, मिरच्या, वड्या त्याच्या समज. मेथीचा वाफा लावला असशील तर त्याचाही नाद सोड. ओटा रोज धुवावा लागेल, का ते मी कागदावर लिहीत नाही.

एक गुण सांगितला पाहिजे. साप ठेवत नाही. पण मारलेला साप आणून तुळशीपाशी टाकतो, आणि तो उचलावा तुलाच लागतो.

पिसाऱ्याचं सांगते, कारण तुझं सगळं मन तिथेच असेल. पिसारा बारा महिने राहत नाही. भादव्यात एकेक पीस गळायला लागतं. आज फौजदार पार बांडा झाला आहे. डाल्यातून बाहेर काढशील तेव्हा तुला वाटेल की रंगूबाईनं दुसराच पक्षी पाठवला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागेल. त्याचा दिमाख गेला की त्याला दाणे टाकायचे ते आपणच, हे लक्षात ठेव. पिसारा असताना पाहायला सगळं गाव येतं.

धनी, इथे थांबू नका. पुढे वाचा.

चतुरा, तुझं लग्न होऊन तू पहिल्यांदा या घरी पाया पडायला आलीस, तो दिवस तुला आठवतो का? ज्येष्ठाचे दिवस होते. तू हिरवं लुगडं नेसली होतीस आणि ओंजळीत ज्वारी घेऊन अंगणात गेलीस. माझ्या हाताखाली वाढलेला तो मोर. मी रोज त्याला दाणे टाकत आले. मी पुढ्यात असताना त्यानं एकदाही पिसारा उघडला नव्हता. उघडायचा तो लांडोरींसाठी, तिकडे गोठ्यामागे. त्या दिवशी तुझ्यासमोर उघडला, आणि थरथर थरथर करत फिरला. धनी ओट्यावरून टाळी वाजवून हसले. म्हणाले, "पाह्य, फौजदारालेही कळते कोन आलं तं!"

मी आत तुमच्यासाठी पुरण वाटत होते. मला सगळं ऐकू आलं. पुरण वाटून झालं, पोळ्या झाल्या, तुम्ही जेवलात, आणि तू म्हणालीस, "बाई, पुरणपोळी अशी मी कधीच खाल्ली नवती." मी तुला आणखी एक वाढली. ती वाढताना माझ्या मनात काय चाललं होतं ते तुला कळलं असतं तर तू ताट सारून उठली असतीस.

मला जळकी म्हण. मी आहे. लग्नाला मीच हो म्हटलं होतं, मुलासाठी, माझ्याच तोंडानं. तेव्हा मला वाटलं होतं घरात मूल येईल. नवरा जाईल हे कोणी सांगितलं नव्हतं.

असो. आरसा. धन्यांनी अकोल्याहून तुझ्यासाठी माणसाएवढा आरसा आणला असं ऐकते. इथे अजून हाताएवढ्या आरशात अर्धं कपाळ दिसतं, त्यावर कुंकू लावता येतं, माझं भागतं. पण तुमच्या घरी मोर येणार असेल तर तो आरसा झाकून ठेव. मोराला आरशात दुसरा मोर दिसतो आणि तो चोच मारमारून जीव घाबरा करतो. इथे त्यानं एकदा घासलेल्या घंगाळाशी अशीच कुस्ती केली, तोंड रक्तबंबाळ झालं. मी त्याला धरून बसले आणि म्हटलं, अरे वेड्या, तिथे दुसरं कोणी नाही, तूच आहेस. पक्ष्याला कसं समजणार? माणसाला समजत नाही.

आणखी, त्याच्या पायाला काटा असतो. चिडला की उडी घेऊन मारतो. मोठ्या माणसाला ओरखडा जातो. पण उद्या तुमच्या अंगणात रांगतं

हे वाक्य अर्धं राहिलं. चूल विझली होती, ती पाहून आले. सांगायचं एवढंच की त्याला लहानग्यापाशी एकटा सोडू नये.

एकटा मोर ठेवू नये, तो झुरतो. म्हणून सोबत धाकटीला पाठवते. थोरली इथेच राहील. एका मोराला दोघी-तिघी लागतात, पण त्या आपसांत भांडत नाहीत, एकाच फांदीवर बसतात. त्यांना हे कसं जमतं ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. मला काही कळलं नाही.

रामधन कपाशीच्या गाडीबरोबर दोघांना डाल्यात घालून आणतो आहे. सांजेला ती लिंबावर बसली तेव्हा मी घोंगडी टाकून स्वतः धरली. फौजदारानं माझ्या मनगटाला चोच मारली. धाकटी गप्प राहिली.

आणखी एक गोष्ट सांगायची होती. ती आता राहू दे.

प्रकृतीला जप. तिखट कमी खा. धन्यांना दंडवत.

तुझ्या डोहाळ्यांची धनीण,
रंगूबाई


केनवड,
कार्तिक वद्य नवमी

चि. सौ. चतुरास आशीर्वाद.

रामधन काल परत आला. कपाशी विकून, दोन दिवस तुमच्याकडे जेवून, पोट सुटून आला. तुझ्या हातच्या झुणक्याचं कौतुक करत होता. मी त्याला आधी पाणीही विचारलं नाही. म्हटलं, मोर कसा आहे ते सांग.

तो पागोटं काढून खाली बसला. तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

"बाई, फौजदार गेला."

"कोठी गेला?"

"मालकानं डालं अंगनात उघडलं. तो भायेर आला, मान वर केली, सोनाराच्या छपरावर गेला. तठून माळीपुऱ्याकडे. आमी सांजवर धुंडलं. नाही सापडला. मले वाटलं, अठीच आला असन."

इथे आला नाही. मी रोज लिंबाखाली जाऊन वर पाहत होते. रोज, दिवस उगवायच्या आधी. रामधनला हे सांगितलं नाही, तुला सांगते.

चतुरा, जी गोष्ट मागच्या पत्रात मी लिहिली नाही ती ही. नव्या घरी आणलेला मोर लगेच सोडायचा नसतो. दोन-अडीच महिने जाळीच्या खोपटात कोंडून ठेवायचा, तिथेच दाणापाणी करायचं, त्या घरचे आवाज आणि माणसं ओळखीची झाली की मग दार उघडायचं. नाहीतर तो राहत नाही. बाबूसिंगाला लांडोर दिली तेव्हा त्यानं ती संध्याकाळी सोडली आणि सकाळी ती माझ्या लिंबावर होती. हे मला पक्कं ठाऊक होतं. पानभर आवाज आणि कवेलू आणि कुरड्या लिहिल्या, आणि हेच लिहिलं नाही. वाटलं, दोन दिवसांत फौजदार परत येईल, तू हात चोळत बसशील, आणि धनी म्हणतील की तो तिच्यावाचून राहत नाही. गावातल्या गावात परत येणं निराळं, रिसोडाहून येणं निराळं, एवढीही अक्कल मला त्या दिवशी राहिली नाही. तुझाही गेला आणि माझाही गेला.

हे सगळं मी रामधनच्या पहिल्या बोलण्यावरच मनाशी कबूल केलं असतं आणि गप्प बसले असते. पण तो पुढे म्हणाला, "बाई, एक इचारू? तुमी मोर कायले पाठवले?"

"कायले म्हंजे? निरोप तूच आणला ना?"

"धाकल्या बाई डालं पाहून मलेच इचारत होत्या. म्हने, मोर कायले आनले, रामधन? मी तं गुलाबसिंगाले म्हनलं होतं, मोठ्या बाईले मोरं पाठवा."

मी म्हटलं, पुन्हा सांग.

"मोठ्या बाईले मोरं पाठवा. म्हंजे, बाळंतपनाच्या मोरं. दिवस भरायच्या आंधी. घंट्या वाजून राह्यल्या होत्या, बाई. मोठ्या बाईले हे मले आयकूच नाही आलं. निसतं मोरं आयकू आलं."

आपल्या बोलीत मोरं म्हणजे पुढे, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मोरं चाल, मोरं बस, मोरं पाठव. माहेरी जऊळक्याला माझ्या बापानं मला चार बुकं शिकवली, त्यात मोर होता, मोरं नव्हतं. आणि मी ऐकलं ते जे ऐकायचं होतं ते. तू माझं आणखी काहीतरी मागते आहेस. त्याहून दुसरं काही तुझ्या तोंडून येईल असं माझ्या मनात आलंच नाही.

मग रामधननं ते पत्र वाचतानाचं सगळं सांगितलं. धनी ओट्यावर बसले होते, तू दाराआड उभी होतीस. त्या हिरव्या लुगड्याच्या जागेवर आले आणि थांबले. तू म्हणालीस, "काहून थांबले?" धनी म्हणाले, "अक्षर लागून नाही राह्यलं." तर तू काय म्हणालीस ते रामधननं हुबेहूब करून दाखवलं. "काहून? तिचं अक्षर मोत्यासारखं हाये, असं तुमीच म्हनता ना? रोज म्हनता." आणि रामधन म्हणतो, तुझं तोंड उतरलं होतं.

रोज म्हणतात? ते मला कधीच म्हणाले नाहीत. मी रामधनला ते पुन्हा सांगायला लावलं, आणखी एकदा लावलं. तो कंटाळला.

मला आजवर वाटत होतं जळायचं काम एकट्या माझ्याकडे आहे. तू तिथे माणसाएवढ्या आरशासमोर उभी राहून माझ्या अक्षरावर जळत होतीस, हे मला कुठे ठाऊक? खोटं बोलत नाही, मला बरं वाटलं. रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पण मग रामधननं शेवटचं सांगितलं. धनी उठून गेल्यावर तू त्याला म्हणालीस, "माय नाही मले. भेव वाटते. मोठ्या बाई असल्या म्हंजे भेव नाही. पन थ्या येतीन काय आता? एवढं लिवलं त्यायनं." आणि डोळ्याला पदर लावलास.

चतुरा, ते पत्र तू पूर्ण ऐकून घेतलंस हे मला रामधनकडून कळलं. मधलं पानही त्यांना पुन्हा वाचायला लावलंस. एवढं ऐकूनही तुला मी हवी आहे. मला कोणी हवं म्हटल्याला फार दिवस झाले.

म्हणून आता कामाचं ऐक. धाकटी अजून आहे ना? रामधन म्हणतो ती गोठ्याच्या छपरावर बसते आणि तुझ्या हातची ज्वारी खाते. आजच तिला धर. संध्याकाळी, बसल्यावर, घोंगडी टाकून. डोकं झाकलं की पाखरू शांत होतं. परसात बांबूची खोपी करून तीत ठेव, वरून जाळी. आत उंचावर एक आडवं लाकूड, जमिनीवर कोरडी राख अंग लोळवायला. पाणी मातीच्या पसरट भांड्यात. आरसा मात्र आता झाकला नाहीस तरी चालेल. ती लांडोर आहे, आरशात पाहून भांडत नाही.

आणि मी येते आहे. वेचणी आटोपली की लगेच, बाळंतपणाच्या पुष्कळ मोरं. बाबूसिंगाच्या सुनेचं मी केलं, पोर आडवं होतं तरी सुईणीच्या जोडीला उभी राहिले, दोघंही सुखरूप आहेत. तू भिऊ नकोस. सुंठ, डिंक, खसखस मी इकडूनच आणते, रिसोडच्या दुकानात भेसळ असते, आणि हे धन्यांनी मोठ्यानं वाचावं.

माझा जळफळाट संपला असं मात्र समजू नकोस. तुझ्या मांडीवर मूल पाहीन तेव्हा ते मला टोचेल. ते मी लपवणार नाही, मला लपवता येत नाही. तू एखादं वावगं बोललीस तर मी दोन बोलेन. रागावून गाडी जुंपायलाही सांगेन. तेव्हा तू मला धाकटीसारखं कोंडून ठेवू नकोस. मी कोंडून राहणारी नाही. फक्त एवढं कर, मी गाडीत बसले की "बाई, चहा झाला" म्हणून हाक मार. मी उतरेन.

थोरलीला सोबत आणते. ती इथे एकटी लिंबावर बसून हाका मारते, मला ऐकवत नाही. दोघी एका खोपीत राहतील. धनी, तुम्ही विचाराल की मोराशिवाय लांडोरी कशा राहतील. चांगल्या राहतात. दाणे खातात, राखेत लोळतात, संध्याकाळी एका लाकडावर बसतात. फौजदार आला तर आला. त्याला दाणे टाकू. पण त्याच्यासाठी दारात कोणी उभं राहणार नाही.

आणखी एक. मी तिथे असेपर्यंत रोज दुपारी तू माझ्यापुढे पाटी घेऊन बसायचंस. कंटाळा चालणार नाही. तुला लिहिता आलं असतं तर तू चिठ्ठीवर तो शब्द लिहिला असतास, आणि आज फौजदार लिंबावर असता. मोर आणि मोरं यांत एका टिंबाचा फरक आहे. बैलाच्या घंटांत ते ऐकू येत नाही, कागदावर दिसतं. शिवाय तुझं अक्षर आलं की धन्यांना माझ्या अक्षराचं कौतुक करायला थोडं कमी कारण राहील, म्हणजे तुलाही बरं वाटेल. त्यात माझं नुकसान आहे, ते मी सोसते.

धनी, आता कागद तिच्या हातात द्या. खाली मी मोठं करून एकच शब्द लिहिला आहे. तो तुम्ही वाचायचा नाही.

चतुरा, त्यावर बोट फिरव. पहिलं अक्षर म, त्याला काना आणि डोक्यावर मात्रा. दुसरं र. त्या र च्या डोक्यावर एक टिंब आहे, तिथे बोट थांबव. मी ते मुद्दाम दोनदा शाई घेऊन काढलं आहे. येते आहे ती मी की मोर, ते तिथेच ठरतं.

मोरं

तुझी
थोरली